पोट लहान झाले, मन तृप्त कसे व्हावे?

आपल्या केंद्रात महिन्याच्या पहिल्या रविवारी सत्संगानंतर महाप्रसाद असतो. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी पंगतीत माझी आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिच्या पानात दोन चमचे खिचडी आणि तेवढीच भाजी होती. वाढपाची सेवा करणारे एक काका बुंदीचे लाडू घेऊन आले. आत्याने पानावर हात आडवा धरला. काका हसून म्हणाले, "ताई, प्रसादाला नाही म्हणू नये हो." लाडू पानात पडला. आत्याने तो खाल्ला आणि पानात काही टाकू नये म्हणून उरलेली खिचडीही घाईघाईने संपवली.

पाचच मिनिटांत ती हात धुण्याच्या जागी भिंतीला टेकून उभी होती. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखे वाटत होते. मग उलटी झाली. काकांच्या मनात प्रेमाशिवाय दुसरे काही नव्हते आणि आत्याच्या मनात श्रद्धेशिवाय. तरीही जे झाले ते झालेच.

रात्री घरी आल्यावर तिने मला विचारले, "प्रसाद नाकारला तर देवाचा अपमान आणि खाल्ला तर या शरीराचा. मग मी ऐकू तरी कोणाचं?"

मी तेव्हा काहीच बोलू शकले नाही. त्या प्रश्नावर गेले दोन महिने जे चिंतन झाले, ते आज आपणा सर्वांसमोर ठेवत आहे. लिहिण्याची परवानगी आत्यानेच दिली, फक्त नाव नको म्हणाली.

हा आडमार्ग आहे का?

आत्या इंदूरला राहते. कॉलेजसाठी मी तिच्याकडेच असते. अडीच वर्षांपूर्वी, वयाच्या ५२ व्या वर्षी, तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तिचे वजन ११८ किलो होते. मधुमेहाला चौदा वर्षे झाली होती. झोपेत श्वास अडकायचा, म्हणून रात्री यंत्र लावून झोपावे लागे. ध्यानाला बसली की दहा मिनिटांत गुडघे दुखू लागत.

शस्त्रक्रियेची बातमी कळल्यावर ओळखीच्या एका साधिकेने तिला सहज म्हटले, "इतकी वर्षं साधना करून शेवटी जिभेवर ताबा नाहीच का आला?" हे वाक्य आत्या अजून विसरलेली नाही. तिच्या मनात एक काटा कायमचा रुतून बसला की, जे तपाने मिळवायचे ते आपण सुरीने मिळवले.

या आरोपाकडे शांतपणे पाहू या. ही शस्त्रक्रिया हौसेखातर कोणी करत नाही आणि करूही देत नाही. आपल्या देशातील आरोग्य विम्याच्या मानक अटी पाहिल्या तरी ते लक्षात येते. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. तो ३५ असेल, तर सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास यांसारखे गंभीर आजार असावे लागतात आणि कमी त्रासाचे इतर उपाय आधी करून झालेले असावे लागतात. आत्याचा बीएमआय ४९ होता.

आणि इतर उपाय तिने केले नव्हते असे थोडेच आहे? तीन वेळा तिने पंधरा-पंधरा किलो वजन उतरवले होते आणि तिन्ही वेळा ते व्याजासकट परत आले होते. आम्हाला वाटायचे, निश्चय ढिला पडला. पण २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. अत्यंत कमी उष्मांकांचा आहार घेऊन वजन घटवलेल्या लोकांच्या रक्तातील संप्रेरके त्यांनी एका वर्षानंतर पुन्हा तपासली. भूक चेतवणारी संप्रेरके तेव्हाही वाढलेलीच होती आणि तृप्तीचा संदेश देणारी घटलेलीच. म्हणजे वजन उतरलेल्या माणसाला पूर्वीपेक्षा जास्त भूक लागते आणि ती बराच काळ लागत राहते. दुष्काळात जीव वाचावा म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे.

ज्याची भूक साधी आहे, त्याने साधी भूक आवरायची. ज्याची भूक चौपट आहे, त्याने चौपट आवरायची. मग दोघांचा संयम एकाच मापाने कसा मोजायचा? दुसऱ्याच्या पानाकडे पाहून त्याच्या साधनेविषयी मत बनवणे, हेच मुळात अविवेकाचे आहे. चष्मा लावणाऱ्याला आपण "दृष्टीवर ताबा नाही" असे म्हणत नाही.

न खाणे म्हणजे संयम नव्हे

आत्याची बाजू मी घेतली खरी, पण विचार तिथेच थांबवला तर तो अर्धाच होईल. कारण शस्त्रक्रियेने संयम मिळतो का, या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेच आहे.

आत्यावर झालेल्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. मागे केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. जिथे पूर्वी लिटरभर सहज मावत असे, तिथे सुरुवातीला वाटीभरही मुश्किलीने मावते. शिवाय जठराच्या काढलेल्या भागात भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तयार होत असते. त्यामुळे पहिले काही महिने अनेकांना भूक अशी जाणवतच नाही.

त्या दिवसांत आत्याला पाहणारे लोक थक्क व्हायचे. समोर पोहे-जलेबीची बशी असे आणि ती शांतपणे डाळीचे पाणी पीत असे. "काय हा निग्रह!" असे कोणी म्हणाले की ती गप्प बसायची. एकदा मला म्हणाली, "अगं, निग्रह कसला? खाताच येत नाही, म्हणून खात नाही. रात्री स्वप्नात मात्र रोज सराफ्यात फिरते मी."

इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सराफा म्हणजे आमचा सोन्या-चांदीचा बाजार. रात्री दुकाने बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात.

तिचे हे बोलणे ऐकले आणि मला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५९ वा श्लोक आठवला. जो आहार घेत नाही त्याच्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मात्र मागे उरते, असे भगवान तिथे सांगतात. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. हा श्लोक मी अनेकदा वाचला होता. त्याचा अर्थ मला आत्याच्या स्वप्नाने कळला. पहिल्या वर्षी जे घडते ते असामर्थ्य आहे, संयम नव्हे. जिथे निवड करण्याची शक्यताच नाही, तिथे सद्गुणही नाही आणि दुर्गुणही नाही. तुरुंगातल्या माणसाला आपण अपरिग्रही म्हणत नाही.

खरी परीक्षा निवड परत येते तेव्हा सुरू होते.

दुसऱ्या वर्षी आलेला पाहुणा

या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक वजन पहिल्या वर्ष-दीड वर्षात उतरते. आत्याचे ३८ किलो उतरले. रात्रीचे यंत्र सुटले, मधुमेहाच्या गोळ्या चारवरून एकावर आल्या, ध्यानाला पाऊण तास बसता येऊ लागले. मग हळूहळू भूक परत आली. लहान झालेले पोटही थोडे सैलावते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पुढे थोडे वजन परत येणे हेही अनेकांच्या बाबतीत घडते.

पण आत्याच्या बाबतीत जे घडले ते फक्त पोटामुळे नव्हते. मोठे जेवण जात नव्हते, म्हणून तिने नकळत दुसरी वाट शोधली. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे, अकराला मूठभर शेव, दुपारी कोणी आणलेल्या पेढ्याचा तुकडा, चार वाजता पुन्हा शेव, रात्री मालिका बघताना आईस्क्रीमचे चार चमचे. एकेक गोष्ट इतकी लहान की मोजण्यात येत नाही. कोरडी, भुसभुशीत शेव चावली की विरघळते आणि अरुंद पोटातूनही चटकन पुढे सरकते. डाळ, पनीर, भाजी मात्र थांबतात आणि पोट भरल्याची जाणीव देतात. ज्या अन्नाने पोट भरते ते मनाला नकोसे झाले आणि ज्याने भरत नाही तेच हवेसे झाले. सहा किलो वजन परत आले.

कॉमर्सची विद्यार्थिनी म्हणून मला हे वेगळ्या शब्दांत सांगावेसे वाटते. शस्त्रक्रिया हा एकदाच होणारा खर्च आहे. जेवण हा रोजचा खर्च आहे. इमारत कितीही चांगली बांधली तरी रोजचा जमाखर्च कोणी पाहिला नाही, तर पेढी बुडतेच. डॉक्टरांनी पोटाची रचना बदलली. रोज संध्याकाळी सहा वाजता घरात एकटेपणा येतो आणि शेवेचा डबा उघडला जातो, ती सवय मात्र त्यांच्या हत्यारांच्या आवाक्यात नव्हती. तिथे फक्त आत्याच पोहोचू शकत होती.

आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ती खाऊन झाल्यावर स्वतःचा तिरस्कार करत असे. तिरस्काराने मन आणखी पोकळ होई आणि पोकळ मनाला पुन्हा डबा आठवे.

बाहेरचा आधार कमीपणाचा नाही

"जे आतून यायला हवे, त्यासाठी बाहेरचा आधार घेणे म्हणजे हार," अशी एक समजूत आपल्यात असते. आपली परंपरा मात्र तसे म्हणत नाही.

बौद्ध साहित्यातील संयुत्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजित याची एक कथा आहे. राजा भरमसाट भात खात असे. एकदा तो असाच भरपेट जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही, लाजवले नाही. जो सजग राहून जेवणाचे प्रमाण जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि तो आयुष्य जपत सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि आपण जेवायला बसू तेव्हा ती म्हणायची, अशी सेवा त्याला मोबदल्यासह लावून दिली. हळूहळू राजाचा आहार उतरत गेला, शरीर हलके झाले. तेव्हा तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला की, भगवंतांनी माझ्यावर दोन्ही लोकांच्या कल्याणाची कृपा केली.

या कथेत मला दोन गोष्टी दिसतात. राजाने मान्य केले की जेवताना मला स्वतःची आठवण राहणार नाही, आठवण करून देणारा कोणीतरी हवा. आणि बदल हळूहळू झाला, एका रात्रीत नव्हे.

अशी इतरही उदाहरणे आहेत. जैन परंपरेत ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, हे बाह्य तप मानले आहे. तिला 'बाह्य' म्हणूनही तप म्हटले आहे, हे लक्षात घ्यावे. मधुकरी मागणारा साधू मोजक्या घरांतून मिळेल तेवढ्यावर समाधान मानतो. त्याची झोळीच त्याची मर्यादा असते. भिक्षूंचे दुपारनंतर न जेवण्याचे नियम, आश्रमातील जेवणाची घंटा, पंगतीतले मौन, ही सारी बाहेरचीच कुंपणे आहेत. रोपटे लहान असते तेव्हा कुंपण लागते. कुंपण म्हणजे झाड नव्हे, पण कुंपण लावल्याबद्दल कोणी माळ्याला हसत नाही.

आत्याचे लहान झालेले पोट हे असेच एक कुंपण आहे. ते लागले म्हणून लाज वाटायला नको आणि ते लागले म्हणजे झाड वाढले, असेही समजायला नको.

'युक्त' म्हणजे काय

शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाने आहाराचा एक इंग्रजी कागद दिला होता. आपल्या संकेतस्थळासाठी मी अनुवादाची सेवा करते, म्हणून आत्याने तो कागद मराठीत करून मागितला. स्वयंपाकघरात लावायचा होता. त्यात एक सूचना होती. तिचे मी मराठी केले, "पोट भरताच थांबा."

आत्या वाचून म्हणाली, "पोट भरलं हे मला आयुष्यात कधी कळलंच नाही गं. ताट संपलं की जेवण संपलं, एवढंच मला ठाऊक."

मग आम्ही आहारतज्ज्ञांना विचारले आणि खुणा लिहून घेतल्या. छातीच्या हाडाखाली हलका दाब, एखादी उचकी, नाकातून पाणी, एक खोल उसासा. यांपैकी काहीही झाले की घास खाली ठेवायचा. ५२ वर्षांच्या बाईने स्वतःच्या शरीराची भाषा नव्याने शिकायला घेतली. मला तर ही साधनाच वाटते. ध्यानात आपण श्वासाची सूक्ष्म हालचाल पाहतो. जेवताना उसाशाकडे लक्ष देणे त्याहून वेगळे आहे का?

गीतेच्या सहाव्या अध्यायात, १६ व्या आणि १७ व्या श्लोकांत, भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे आणि मग 'युक्त' आहाराचा उल्लेख केला आहे. किती वाट्या, किती पोळ्या, हे मात्र सांगितलेले नाही. मला वाटते ते मुद्दामच सांगितलेले नाही. युक्त म्हणजे जुळणारे, त्या शरीराला, त्या वयाला, त्या कामाला योग्य असे. वाग्भटांच्या अष्टांगहृदयातही पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग घन अन्नाने, एक द्रवाने भरावा आणि एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे सांगितले आहे. तिथेही माप ज्याच्या-त्याच्या पोटाचे आहे, शेजाऱ्याच्या ताटाचे नाही.

आत्याचे 'युक्त' आज कसे आहे ते सांगते. हे तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेले आहे. प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांना विचारावे.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. शाकाहारी घरात, एवढ्या लहान पोटात, हे सोपे नाही. वाटीभर डाळीतून पाच-सात ग्रॅमच मिळतात. १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात. म्हणून आमच्याकडे जेवणाचा क्रम बदलला. आधी पनीर, डाळ, मोड आलेले मूग किंवा घट्ट दही, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-पोळी. तरीही कमी पडते, म्हणून प्रथिनांची पूड ताकात मिसळून दोन जेवणांच्या मध्ये. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट-घोट करत दिवसभर. प्रत्येक घास बारीक चावून, वीस-पंचवीस मिनिटांत एक लहानशी थाळी. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर, आणि ठरल्या वेळी रक्ताची तपासणी. 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या सोडणारे लोक काही वर्षांनी रक्तक्षय किंवा हातापायांना मुंग्या घेऊन परत येतात.

शेवेचा डबा आम्ही फेकला नाही. तो वरच्या फळीवर गेला आणि संध्याकाळी सहाची वेळ आत्याने जपासाठी ठेवली. काही दिवस जप होतो, काही दिवस डबा खाली येतो. डबा खाली आला तर ती आता वाटीत काढून, बसून खाते. उभ्याने, डब्यातून, लपून खात नाही. एवढ्या एका बदलाने तिरस्कार पुष्कळ कमी झाला आहे.

नव्या आसक्तीचा धोका

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. मध्यंतरी आत्या दिवसातून तीनदा वजन करू लागली होती. २०० ग्रॅम वाढले की तिचा दिवस काळा होई. जपात मन लागेना, कारण मनात ग्रॅमचा हिशोब चाले. पूर्वी मन अन्नाला चिकटलेले होते, आता वजनकाट्याला चिकटले. विषय बदलला, बंधन तेच राहिले.

माप हवे, पण माप हा मालक होता कामा नये. आता आमच्याकडे वजन आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी होते. तो आकडा वहीत लिहितो आणि वही मिटतो.

तिने आनंदाने खाणेही सोडलेले नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी सराफ्यात गेलो. एक प्लेट गराडू घेतले, तिने तीन तुकडे अगदी सावकाश खाल्ले, बाकीचे मी संपवले. परतताना म्हणाली, "पूर्वी चार गाड्यांवर खायचे, पण चव कुठल्याच्या लक्षात नसायची." ज्या आहारात आनंदाला जागा नाही तो फार काळ टिकत नाही, आणि हा आहार तर तिला आयुष्यभर टिकवायचा आहे. सहा महिन्यांच्या उत्साहाने जे जमते, ते तीस वर्षे जमेलच असे नाही. म्हणून कठोर नियमापेक्षा पाळता येईल असा सौम्य नियम श्रेष्ठ.

उपवास, प्रसाद आणि आपला आग्रह

एकादशीचा उपवास आत्याने चाळीस वर्षे केला होता. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात तिने कोणाला न सांगता निर्जळी उपवास केला आणि संध्याकाळी चक्कर येऊन पडली. लहान पोटात एका वेळी घोटभरच पाणी मावते. सकाळपासून राहिलेले पाणी रात्री एकदम पिऊन भरून काढता येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात, शास्त्राला सोडून केलेल्या घोर तपाने शरीराला आणि आत वसणाऱ्या मलाही कष्ट देणारे लोक आहेत, असे भगवंतांनी म्हटले आहे. ते वाचून आत्या बराच वेळ शांत बसली होती. आता एकादशीला ती आहार व पाणी नेहमीप्रमाणे घेते आणि त्या दिवशी कोणाविषयी कठोर शब्द काढत नाही. उपवास या शब्दाचा मूळ अर्थच जवळ राहणे असा आहे. तिचे म्हणणे असे की, "साबुदाणा खाऊन लोकांची उणीदुणी काढायचे, त्यापेक्षा हे अवघड आहे."

आता पंगतीतल्या त्या लाडवाकडे येऊ. तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, आलेल्याला परत पाठवू नये, अन्न वाढवावे असे सांगितले आहे. आपला आग्रह या संस्कारातूनच आलेला आहे आणि तो सुंदर आहे. पण ज्या शरीराला ते अन्न बाधते, त्या शरीरात ते ढकलणे हा अन्नाचा सन्मान कसा होईल? प्रसाद या शब्दात प्रसन्नता आहे. कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो. त्याचे पुण्य वजनावर ठरत असते, तर श्रीमंतांना सर्वाधिक मिळाले असते.

आत्याने त्या रात्री विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाटते. देव आणि शरीर हे दोन पक्ष नाहीत की एकाचे ऐकले तर दुसऱ्याचा अपमान व्हावा. शरीर ही त्याचीच दिलेली ठेव आहे. लाडवाचा कण कपाळाला लावून जिभेवर ठेवला आणि बाकीचा नम्रतेने परत केला, तर दोघांचाही मान राहतो. मात्र हे करण्याचे धैर्य एकट्या आत्याने का दाखवावे? वाढणाऱ्याने आधी विचारले तर तिला धैर्याची गरजच पडणार नाही.

हे मी केंद्रातील सेवेकऱ्यांशी बोलले. ते काका तर ऐकून डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मला माहीतच नव्हतं, बेटा." गेल्या महिन्यापासून आमच्या महाप्रसादात दोन गोष्टी सुरू झाल्या आहेत. वाढताना "किती वाढू?" असे विचारायचे आणि 'नको' म्हटले की दुसऱ्यांदा म्हणायचे नाही. आणि ज्यांना हवा त्यांच्यासाठी लाडवाऐवजी साखरफुटाण्यांचे दोन दाणे द्रोणात ठेवायचे. याचा लाभ आत्यापेक्षा मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना अधिक झाला. उष्ट्यात जाणारे अन्नही कमी झाले.

गेल्या रविवारी ते काका आत्याच्या पानासमोर आले, थांबले आणि म्हणाले, "ताई, किती?" आत्या म्हणाली, "दोन दाणे." त्यांनी दोन दाणे ठेवले आणि हात जोडून पुढे गेले. आत्याने ते दोन दाणे डोळे मिटून, बराच वेळ तोंडात घोळवत खाल्ले. मग एक खोल उसासा आला. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पान बाजूला सारले.

चिंतनासाठी

या आठवड्यात आपण सर्वांनी, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, एक जेवण मौनात घेऊन पाहू या. पोट भरल्याची पहिली खूण आपल्याला कधी आणि कशी कळते, एवढेच पाहायचे. ती कळलीच नाही, तरी स्वतःवर रागावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. आणि आपल्या पंगतीत कोणी पानावर हात आडवा धरला, तर त्या हातामागे काय असेल याचा क्षणभर विचार करावा आणि पुढच्या पानाकडे जावे.